स्वमग्न मुलाला नाटकात घालावे का? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

सातारा जिल्ह्यातील एका आईने विचारले आहे की, त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथ्या वर्षी त्याला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचे निदान झाले. तो स्वतःहून फार कमी बोलतो, मात्र टीव्हीवरील जाहिराती आणि कार्टूनमधले संवाद आवाजाच्या चढउतारांसह दिवसभर जसेच्या तसे म्हणत असतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याला झाडाची भूमिका दिली होती आणि रंगीत तालमीच्या दिवशी ‘तो गोंधळ घालतो’ म्हणून तीही काढून घेतली. आता उन्हाळी सुट्टीत त्याला नाट्यशिबिरात घालावे का, त्यामुळे त्याचे हे संवाद म्हणणे कमी होईल की आणखी वाढेल आणि त्याला थिएटरात नाटक पाहायला नेता येईल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. विशेष शिक्षिका म्हणून आणि मुलांची नाटके बसवणारी म्हणून मी बावीस वर्षे या दोन्ही कामांत आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ताई, आधी संवादांविषयी बोलू, कारण तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख एक त्रास म्हणून आला आहे आणि माझ्या दृष्टीने तुमच्या मुलाकडचे ते सर्वांत मोलाचे भांडवल आहे. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून ऑटिझमची पहिली सविस्तर मांडणी केली, तेव्हाही ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. आपल्या घरांत ती कशी दिसते हे तुम्हाला ठाऊक असेलच. मुलाला तहान लागली की तो ‘मला पाणी हवं’ असे न म्हणता ‘तुला पाणी हवंय का?’ असे आईच्याच सुरात विचारतो, कारण त्याच्या अनुभवात पाणी मिळण्यापूर्वी नेहमी हेच वाक्य आलेले असते. पुढे अनेक वर्षे अशा बोलण्याला निरर्थक समजून ते थांबवण्याचेच प्रयत्न झाले. १९८१ मध्ये बॅरी प्रायझंट आणि ज्युडिथ ड्युकन यांनी मुलांचे असे बोलणे प्रसंगासह तपासले, तेव्हा त्यातून मागणी, होकार, आपली पाळी घेणे, स्वतःला धीर देणे अशी निरनिराळी कामे होत असल्याचे त्यांना आढळले. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, एक वही घाला आणि पंधरा दिवस फक्त नोंद करा. कोणता संवाद, किती वाजता, त्याच्या आधी काय घडले आणि तो म्हणून झाल्यावर मुलगा कुठे पाहत होता, एवढेच लिहायचे आहे. पंधरा दिवसांनी त्या वहीचा एक छोटा शब्दकोश झालेला असेल.

अशाच एका वहीमुळे माझ्या गटातील एका मुलाचे बोलणे मला कळू लागले. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक दोनवर येणारी गाडी’ ही स्टेशनवरची घोषणा तो दिवसातून शंभर वेळा तरी म्हणत असे. घरच्यांना वाटे की त्याला आगगाडीचे वेड आहे. नोंदी पाहिल्यावर लक्षात आले की एक काम संपून दुसरे सुरू होण्याच्या वेळी, म्हणजे डबा संपला, चित्र आवरायचे आहे, बाहेर निघायचे आहे, अशा वेळीच ही घोषणा येते. पुढे काय होणार हे ठाऊक नसल्याची भीती तो त्या वाक्याने आवरत होता. मग आम्ही स्टेशनचेच नाटक केले. खडूने फलाट आखला, सहा मुले प्रवासी झाली आणि हा उद्घोषक. त्याने घोषणा केल्याशिवाय कोणी हलायचे नाही असा नियम ठरवला. पहिल्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून बोलला. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या ध्यानात आले की आपण बोललो की सहा जण उठतात आणि आपण थांबलो की तेही थांबतात, आणि तो वळून त्यांच्याकडे पाहू लागला. पुढे एका दुपारी त्याच्या आईला यायला उशीर झाला, तेव्हा त्याच ठरलेल्या सुरात तो म्हणाला, ‘आई, फलाट क्रमांक दोनवर, उशिराने धावत आहे.’ पाठ असलेल्या वाक्यात त्याने स्वतःचा शब्द घातल्याचे मी त्या दिवशी प्रथमच ऐकले. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, नाटकामुळे संवाद म्हणणे कदाचित कमी होणार नाही, ते कमी व्हावे अशी अपेक्षाही ठेवू नका. त्या संवादांना समोर ऐकणारा माणूस मिळेल आणि हळूहळू त्यांची मोडतोड करून नवी वाक्ये तयार होऊ लागतील.

नाटक अशा मुलांना मानवते त्याचे कारण मला तरी नाटकाच्या कारभारातच दिसते. शाळेच्या मधल्या सुट्टीत कोण काय बोलेल, आपण कधी बोलायचे, किती जवळ उभे राहायचे, हे कुठेही लिहिलेले नसते आणि तरी ते सर्वांना ठाऊक आहे असे धरून चाललेले असते. नाटकात हे सारे आधी सांगितलेले असते. एन्ट्री कोणत्या विंगेतून घ्यायची, कोणत्या शब्दावर घ्यायची, त्यानंतर किती पावले चालायचे आणि कुठे तोंड करून उभे राहायचे हे ठरलेले असते, आणि तीच गोष्ट चाळीस वेळा केली तर तिला तालीम म्हणतात, हट्ट म्हणत नाहीत. वाक्य आठवले नाही तर विंगेत प्रॉम्प्टर असतो आणि त्याची मदत घेणे हा नाटकाच्या रीतीचाच भाग आहे. आपल्या मराठी रंगभूमीवर तर पहिली, दुसरी आणि तिसरी घंटा होते, मग पडदा उघडतो. आता काहीतरी बदलणार आहे याची तीन वेळा आगाऊ सूचना देणारी दुसरी कोणती जागा मुलाच्या आयुष्यात आहे, याचा विचार करून पाहा.

इंग्लंडमधील अभिनेत्री केली हंटर यांनी शेक्सपियरच्या नाटकांवर आधारलेली खेळांची एक पद्धत ऑटिस्टिक मुलांसाठी विकसित केली आणि अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाबरोबर ती शाळकरी मुलांवर अजमावूनही पाहिली. मुले आणि नट गोलात बसतात, छातीवर हाताने हृदयाच्या ठोक्यांची लय धरतात आणि त्या लयीत एकमेकांना नमस्कार करतात. शेक्सपियरच्या ओळींची चालही त्याच लघुगुरू ठोक्याची आहे, हा त्यामागचा धागा. हे वाचले तेव्हा मला आपल्या भजनी ठेक्याची आठवण झाली. तुमच्या सातारा जिल्ह्यातून तर माउलींची पालखीच जाते, त्यामुळे ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ची लय तुमच्या मुलाच्या कानावर जन्मापासून असणार. मी गटाची सुरुवात याच लयीने करते, पण टाळ घेत नाही. पितळेचा तीक्ष्ण आवाज काही मुलांना अक्षरशः दुखतो. दोन्ही तळवे मांडीवर, मग छातीवर, मग शेजाऱ्याच्या पुढे केलेल्या तळव्यावर, एवढेच करतो. शेजाऱ्याला हात लावायचा नसेल तर हवेतच थांबायचे, लय मात्र सोडायची नाही. दहा मिनिटांत खोलीतल्या श्वासांची गती एक होते आणि त्यानंतरच गोष्ट सुरू होते.

संशोधन काय म्हणते हेही सांगायला हवे, कारण ‘नाट्योपचाराने ऑटिझम बरा’ अशा जाहिराती तुमच्यापर्यंत पोहोचत असतील. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लाइथ कॉर्बेट यांनी नाटकावर आधारलेला एक कार्यक्रम तयार केला असून त्यात प्रशिक्षण दिलेली, ऑटिझम नसलेली समवयस्क मुले प्रत्येक ऑटिस्टिक मुलाबरोबर काम करतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आठ ते चौदा वर्षे वयाची तीस मुले होती. प्रत्येकी चार तासांच्या दहा सत्रांनंतर, शिबिराची वाट पाहत असलेल्या मुलांच्या तुलनेत भाग घेतलेल्या मुलांची चेहरे लक्षात ठेवण्याची क्षमता, इतरांबरोबर खेळणे आणि संवाद यांत सुधारणा दिसली. हा अभ्यास लहान आहे, पण चांगल्या रीतीने केलेला आहे आणि त्यातून आशा धरायला जागा आहे. बरे होण्याचा प्रश्न मात्र येथे येत नाही, कारण ऑटिझम हा आजार नसून मेंदूच्या घडणीचा एक प्रकार आहे. आपण मराठीत वापरतो तो ‘स्वमग्न’ हा शब्दही मला पूर्ण पटत नाही. माझ्या पाहण्यातली बहुतेक मुले स्वतःत मग्न नसतात; भोवतालचा प्रत्येक आवाज, वास आणि उजेड त्यांच्या अंगावर येत असतो आणि त्यातून वाट काढण्यात ती गुंतलेली असतात.

आता ज्या एका गोष्टीविषयी मला अतिशय कळकळीने सांगायचे आहे, तिच्याकडे येते. शिबिर निवडताना तेथे नाटक कशासाठी वापरतात हे आवर्जून विचारा. काही ठिकाणी अभिनयाच्या नावाखाली मुलांना डोळ्यांत डोळे घालून बोलायला, हात न हलवता उभे राहायला, हसू येत नसताना हसायला शिकवतात, म्हणजेच ऑटिस्टिक न दिसण्याचा अभिनय शिकवतात. अनेक ऑटिस्टिक माणसे आयुष्यभर हाच मुखवटा घालून वावरतात आणि त्याचा चिंता, नैराश्य व थकव्याशी संबंध असल्याचे गेल्या काही वर्षांतील संशोधनातून पुढे आले आहे. रंगभूमीवरचा मुखवटा प्रयोग संपला की उतरवता येतो, शाळेत आणि लग्नकार्यात घालावा लागणारा मुखवटा उतरवायला जागा मिळत नाही. ब्रिटनमधील संशोधक डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये असे मांडले की, ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण इतरांनाही त्याचे मन कळत नाही आणि ही अडचण दोन्ही बाजूंची आहे. चांगले नाट्यशिबिर या दुसऱ्या बाजूवरही काम करते. तुमच्या मुलाने हात फडफडवले तर ‘हात खाली’ असे म्हणणारा शिक्षक तेथे आहे, की त्या हातांचे पाखरू करून सगळ्या गटाला उडायला लावणारा आहे, हे एक तास मागे बसून पाहिलेत तरी तुम्हाला कळेल. मागे बसू देत नसतील तर तेथे घालू नका. गट आठ-दहा मुलांपेक्षा मोठा नसावा, शांत बसायला एक वेगळी खोली किंवा निदान पडद्याआडचा कोपरा असावा आणि शेवटी प्रयोग करणे सक्तीचे नसावे, या बाबीही विचारून घ्या.

झाडाच्या भूमिकेविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला ते वाचून पुढे जाता आले नाही. झाड होण्यात काही कमीपणा नाही. मुलाला झाड व्हायला आवडत असेल आणि नाटकात त्या झाडाला काही काम असेल, तर ती उत्तम भूमिका आहे. पण मुलाला मंचावर ठेवूनही कोणाला दिसू नये म्हणून झाड केले जाते, तेव्हा रंगभूमीची एक जुनी खोड त्यामागे असते. भरताच्या नाट्यशास्त्रात विदूषकाचे वर्णन बुटका, कुबड असलेला, दात पुढे आलेला, टक्कल पडलेला असे केले आहे. आपल्या रामकथेच्या खेळांत मंथरा वाकलेली असते आणि महाभारताच्या खेळांत शकुनी लंगडत येतो. अपंगत्व मंचावर आले ते हसण्यासाठी किंवा दुष्टपणाची खूण म्हणून, आणि ते साकारणारा नट बहुधा धडधाकट असे. प्रेक्षागृहात बसलेल्या शिक्षकांनी, पालकांनी आणि मुलांनी अपंग माणसाच्या एवढ्याच गोष्टी पाहिलेल्या असतात आणि त्या नजरेनेच ते तुमच्या मुलाकडे पाहतात.

ही खोड मोडण्याचे प्रयत्नही झाले आहेत. लंडनमध्ये १९८० साली अपंग कलावंतांनी चालवलेली ग्राए ही नाट्यसंस्था सुरू झाली. ऑस्ट्रेलियातील जिलाँग या गावी १९८७ पासून बॅक टू बॅक ही संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्या आणि ऑटिस्टिक नटांना घेऊन नवी नाटके रचते आणि ती जगभर जातात. आपल्याकडे स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’सारखी मराठी नाटके व्यावसायिक शिस्तीने रंगभूमीवर आणली. ऑटिझमच्या बाबतीत सर्वांत गाजलेले उदाहरण मार्क हॅडन यांच्या कादंबरीवरून सायमन स्टीफन्स यांनी लिहिलेल्या ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ या नाटकाचे आहे. ते २०१२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आले आणि प्रेक्षक त्यातील ख्रिस्तोफर या मुख्य पात्राला आपला मानू लागले, पण ती भूमिका ऑटिस्टिक नसलेले नटच करत राहिले. २०१७ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे मिकी रो या ऑटिस्टिक नटाने ती केली. याउलट २०१९ मध्ये लंडनमध्ये आलेल्या एका नाटकात सगळी पात्रे नट करत होते आणि ऑटिस्टिक मुलाच्या जागी मात्र बाहुली होती. त्यावर ऑटिस्टिक माणसांनी आणि पालकांनी तीव्र निषेध नोंदवला. मला तो निषेध योग्य वाटला, कारण ज्या मुलाविषयी नाटक आहे त्यालाच माणसाचे शरीर नाकारलेले होते.

शाळेशी बोलताना तुमच्या हाती कायदाही आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात एकवीस अपंगत्वांची नोंद असून ऑटिझम त्यांत आहे. कलम १६ प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेने अपंग मुलाला इतरांच्या बरोबरीने शिक्षणाची, खेळाची आणि मनोरंजनाच्या उपक्रमांची संधी द्यायची आहे, आणि कलम २९ संस्कृती व कला यांच्यातील सहभागाविषयी आहे. हे मुख्याध्यापकांना भांडणाच्या सुरात न सांगता जून-जुलैमध्येच लेखी कळवा. डिसेंबरमध्ये सगळे घाईत असतात आणि घाईतला शिक्षक जोखमीचे वाटणारे मूल आधी वगळतो.

थिएटरात नाटक पाहायला नेण्याविषयी माझे उत्तर ‘हो’ असे आहे, पण तयारीनिशी. न्यू यॉर्कमध्ये २ ऑक्टोबर २०११ रोजी ‘द लायन किंग’चा एक प्रयोग खास ऑटिस्टिक प्रेक्षक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी झाला. आवाज आणि डोळ्यांवर येणारे प्रकाशझोत कमी केले होते, मुलांना उठायला, बोलायला मोकळीक होती आणि बाहेर विश्रांतीच्या जागा होत्या. ब्रिटनमध्ये अशा प्रयोगांना ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ म्हणतात आणि ते आता तेथे रुळले आहेत. आपल्याकडे असे प्रयोग सर्रास होत नाहीत, त्यामुळे बरीचशी तयारी तुम्हालाच करावी लागेल. बालनाट्याचा सकाळचा किंवा दुपारचा प्रयोग निवडा. व्यवस्थापकांना आधी फोन करून रिकामे प्रेक्षागृह दहा मिनिटे दाखवण्याची विनंती करा. मी जेव्हा जेव्हा नीट कारण सांगून विचारले, तेव्हा क्वचितच नकार मिळाला. तेथे फोटो काढा आणि घरी त्यांची छोटी पुस्तिका बनवा: हे दार, ही आपली खुर्ची, येथे तीन घंटा वाजतात, मग अंधार होतो, मग पडदा उघडतो, कंटाळा आला तर या दाराने बाहेर यायचे. दाराजवळची, कडेची खुर्ची घ्या आणि कानांवर लावायचे हेडफोन बरोबर ठेवा. ‘अलबत्या गलबत्या’सारख्या नाटकात चेटकिणीची एन्ट्री मोठ्या आवाजात होते आणि ती एन्ट्रीच इतर मुलांची आवडती असते, तिचा व्हिडिओ घरी आवाज बारीक करून आधी दाखवा. पहिल्या खेपेला मध्यंतरापर्यंत बसला तरी नाटक पाहिले असे समजा.

अंधाराविषयी वेगळे सांगते, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. माझ्या सुरुवातीच्या एका नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये ब्लॅकआउट होता आणि तालमी उघड्या वर्गात झाल्यामुळे मुलांनी तो कधी पाहिलाच नव्हता. रंगीत तालमीला दिवे गेले, एक मुलगी किंचाळून विंगेत पळाली आणि नेपथ्याच्या खिळ्याने तिचा दंड फाटला. त्या दिवशी तिलाही सगळे म्हणाले की ती गोंधळ घालते. गोंधळ मी घातला होता. तेव्हापासून माझ्या नाटकात संपूर्ण ब्लॅकआउट नसतो, निळा मंद उजेड राहतो आणि पहिल्या तालमीपासून प्रवेश संपला की मीच मोठ्याने ‘आता निळा’ असे म्हणते. तुमच्या मुलाच्या रंगीत तालमीच्या दिवशी नेमके काय नवे आले होते, हे त्याच्या बाईंना विचारून पाहा. पोशाखाचे टोचणारे कापड असेल, तोंडाला लावलेला रंग असेल, माईकची शिट्टी असेल. रंगीत तालमीला सगळे एकदमच बदलते, आणि तोपर्यंतच्या तालमी त्याने नीट केल्या असतील तर अडचण भूमिकेची नव्हती.

शिबिर सुरू होईपर्यंत घरी रोज दहा मिनिटे एक खेळ खेळा. त्याच्या शब्दकोशातला एक संवाद तुम्ही म्हणा, त्याच्याच सुरात, आणि थांबा. पुढचे वाक्य त्याने म्हटले तर त्यानंतरचे तुम्ही म्हणा. चार-पाच दिवसांनी एका शब्दात मुद्दाम बदल करा, साबणाच्या जाहिरातीत साबणाऐवजी भाकरी येऊ द्या. तो रागावून दुरुस्ती करेल, किंवा हसेल, किंवा तुमच्याकडे बघेल. तिन्ही प्रतिसाद संभाषणाचे आहेत. ओट्यापाशी काम करताना नको, समोरासमोर जमिनीवर बसून खेळा आणि त्याने पाठ फिरवली तर तेथेच थांबवा. भावंड असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून त्यालाही एक वाक्य द्या.

आणि पुढच्या गॅदरिंगसाठी बाईंकडे एक काम मागून घ्या. पडदा उघडण्यापूर्वी तीन घंटा देणारा मुलगा लागतोच. ते काम विंगेतून न करता पडद्यापुढे, सर्वांसमोर उभे राहून करण्याचे ठरवा आणि प्रत्येक घंटेनंतर एक वाक्य त्याला त्याच्या आवडत्या जाहिरातीच्या सुरात म्हणू द्या. स्वतःच्या हाताने वाजवलेली घंटा दुसऱ्याने अचानक वाजवलेल्या घंटेइतकी अंगावर येत नाही, कारण ती कधी वाजणार हे त्याला ठाऊक असते. घंटा ऑगस्टमध्येच घरी आणा, पहिले काही दिवस तिच्या लोलकाला कापड गुंडाळून वाजवू द्या आणि कापड कधी काढायचे ते त्याला ठरवू द्या.